एप्रिलमधले मालक

२०२५च्या मार्चअखेरीस रेड सॉक्सचा मोसम सुरू झाला, आणि पहिल्या पाच सामन्यांत रफाएल डेव्हर्सला एकही हिट मिळाली नाही. पंधरा वेळा तो स्ट्राइकआउट झाला. मोसम १६२ सामन्यांचा असतो, पण आमच्या लॅबच्या जेवणाच्या टेबलावर निकाल तेवढ्यातच लागला. आमचा टेक्निशियन जन्मापासून मॅसॅच्युसेट्समध्ये वाढलेला. सँडविचचा कागद उलगडत तो म्हणाला की याला आता देऊन टाकावं. कुठल्या संघाला, किती पिचरच्या बदल्यात आणि त्याच्या पगाराचा किती हिस्सा 'आपण' सोसायचा, हेही त्यानं सांगून टाकलं. हा 'आपण' लक्षात ठेवा. मला या लेखात त्याच्याबद्दलच तक्रार करायची आहे.

तुम्ही बॉस्टन, शिकागो किंवा न्यू यॉर्कच्या आसपास राहत असाल, तर हे बोलणं तुम्ही ऑफिसात किंवा शेजाऱ्याच्या अंगणात ऐकलेलं असणार. दुबईत किंवा लंडनमध्ये असाल तर थोडं सांगायला हवं. अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये क्लब आपल्या करारातला खेळाडू दुसऱ्या क्लबला देऊन बदल्यात दुसरे खेळाडू घेऊ शकतो. याला ट्रेड म्हणतात, आणि खेळाडूची संमती सहसा लागत नाही. दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच क्लबात काढली असतील तरच त्याला नकार देता येतो, किंवा करारातच तशी अट हवी. ट्रेडची मुदत जुलैअखेरीपर्यंत असते. एप्रिलमध्ये मोठे ट्रेड जवळजवळ होतच नाहीत, कारण इतक्या लवकर हार मानायला कुठलाच क्लब तयार नसतो. २०२४मध्ये मायामी मार्लिन्स सुरुवातीचे सलग नऊ सामने हरले आणि मेच्या सुरुवातीलाच त्यांनी आदल्या वर्षी बॅटिंगचं विजेतेपद मिळवलेला लुईस अराएझ सॅन डिएगोला देऊन टाकला, तेव्हा सगळ्यांच्या भुवया उंचावल्या होत्या. थोडक्यात, एप्रिलमधली ट्रेडची चर्चा फुकट असते. तिची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही, म्हणून ती इतकी रंगते.

या चर्चेवरची नेहमीची टीका तुम्हाला ठाऊक असेल: एवढ्याशा आकड्यांवरून काही ठरवू नये. हिशेब खरोखरच साधा आहे. ज्या फलंदाजाचं कौशल्य ०.२७०चं आहे, म्हणजे हजार ॲट-बॅटमध्ये २७० हिट, तो पहिल्या पन्नास ॲट-बॅटनंतर ०.१५०वरही दिसू शकतो आणि ०.३९०वरही. त्याच्यात काही बिघडलेलं नसतं आणि सुधारलेलंही नसतं, निव्वळ योगायोगानं एवढा फरक पडतो. साडेपाचशे ॲट-बॅट झाल्यावर हाच पट्टा साधारण ०.२३० ते ०.३१० इतका आवळतो.

ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७७ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता. पीएचडीच्या पहिल्या वर्षी, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना, मी तो लेख वाचला. त्यांनी १९७०च्या मोसमातल्या १८ फलंदाजांची पहिल्या ४५ ॲट-बॅटची सरासरी घेतली आणि विचारलं, की उरलेल्या मोसमाचा अंदाज कसा बांधावा? उत्तर असं की प्रत्येकाला सगळ्यांच्या एकत्रित सरासरीकडे, म्हणजे ०.२६५कडे, चांगलंच ओढून घ्यावं. न्यू यॉर्क यँकीजचा थर्मन मन्सन तेव्हा नवखा होता आणि ०.१७८वर होता. सूत्रानं त्याला ०.२४७वर आणलं, प्रत्यक्षात उरलेल्या मोसमात तो ०.३१६नं खेळला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याला एप्रिलमध्ये घरी पाठवा म्हणणारे कुणीतरी असणारच.

पण त्याच तक्त्यात सगळ्यात वर रॉबर्टो क्लेमेंटे आहे. ४५ ॲट-बॅटनंतर तो ०.४००वर होता. सूत्र म्हणालं ०.२९४, आणि तो खेळला ०.३४६नं. म्हणजे आजचा आकडा उद्या तसाच चालेल असं मानणारा भाबडा माणूस आणि संख्याशास्त्र, दोघंही जवळपास सारखेच चुकले. एक वर, एक खाली. बरोबर कोण ठरलं असतं? क्लेमेंटेला १९५५पासून पाहणारा पिट्सबर्गचा कुणीही म्हातारा. त्याला ते पहिले ४५ ॲट-बॅट लागलेच नसते. क्लेमेंटेनं तोवर चार वेळा बॅटिंगचं विजेतेपद मिळवलेलं होतं. त्या सूत्राला हे सांगितलेलंच नव्हतं, आणि त्या म्हाताऱ्याला दुसरं काही ठाऊक असण्याची गरज नव्हती.

म्हणून 'सँपल लहान आहे' ही टीका मला अपुरी वाटते. ती आता चाहत्यांच्याच तोंडी बसली आहे. आमचा टेक्निशियनही प्रत्येक वाक्याआधी 'सँपल लहान आहे, मान्य' म्हणतो आणि पुढे डेव्हर्सला विमानात बसवतोच. आकडेशास्त्र त्याला येत नाही असं नाही. अडचण ही आहे की त्याच्याकडे जी एक गोष्ट भरपूर आहे, म्हणजे आठवण, नेमकी तीच तो एप्रिलमध्ये बाजूला ठेवतो.

डेव्हिड ऑर्टिझचं उदाहरण बॉस्टनमध्ये मला किमान चार जणांनी ऐकवलं आहे. २००९च्या मेअखेरीस तो ०.१८५वर होता आणि त्याच्या नावावर एकच होमरन होता. वय ३३. (मी आता त्याहून वर्षानं मोठी आहे, त्यामुळे या 'संपला आता' प्रकारात मला वैयक्तिक रस आहे.) २००४चं आणि २००७चं अजिंक्यपद जिंकून देणाऱ्या माणसाबद्दल शहरभर बोललं जात होतं ते हे, की त्याला बाकावर बसवावं की कुणाच्या गळ्यात मारावं. मोसम संपला तेव्हा त्याचे २८ होमरन होते. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो ०.१४३वर गेला आणि तीच चर्चा, त्याच शब्दांत, पुन्हा झाली. त्या वर्षीचे होमरन ३२. आणि २०१३च्या वर्ल्ड सीरिजमध्ये तो ०.६८८नं खेळला, हे मला सांगताना एका प्राध्यापकबाईंचा आवाज भरून आला होता. त्या वसंतात त्यांचं स्वतःचं मत काय होतं, हे मी विचारलं नाही.

उलटंही होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. २००६मध्ये डेट्रॉइटच्या ख्रिस शेल्टननं पहिल्या १३ सामन्यांत नऊ होमरन मारले. जुलैअखेरीस क्लबनं त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं. वर्षभराचे एकूण होमरन १६.

आता त्या 'आपण'कडे येते. ट्रेडची चर्चा ऐकताना शब्द कुठले वापरले जातात ते पाहा: किंमत, मूल्य, करारातली उरलेली वर्षं, 'बदल्यात काय मिळेल'. ही मालकाच्या खातेवहीची भाषा आहे. फेनवेच्या स्वस्त बाकांवर एप्रिलच्या थंडीत ब्लँकेट घेऊन बसणारा माणूस, ज्याला बिअरची किंमत खुपते, तो क्लबच्या मालकाचे ३१ कोटी डॉलर वाचवण्यासाठी जीव टाकतो. डेव्हर्सचा करार तेवढ्याचा, दहा वर्षांचा होता. त्यातला एक डॉलरही आमच्या टेक्निशियनच्या खिशातून जाणार नव्हता, आणि वाचला असता तर तिकीट स्वस्त होणार नव्हतं.

१९६९मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सनी कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला ट्रेड केलं. बारा मोसम तिथं खेळल्यावर त्यानं जायला नकार दिला, कमिशनरला पत्र लिहिलं आणि पुढे खटला भरला. १९७२मध्ये सुप्रीम कोर्टात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्यानं रडायचं कशाला, असं तेव्हा कितीतरी चाहते म्हणाले. स्वतः नोकरी करणाऱ्या माणसांनी मालकाच्या बाजूनं बोलावं, हे मला तेव्हाच्या बातम्या वाचताना कळेना. मग आठवलं की गेल्या वर्षी शेजारच्या लॅबमध्ये आलेल्या एका मुलाचे पहिले सहा महिने वाया गेले, तेव्हा 'याच्याकडून काही होणार नाही' असं मी कॉफी ओतता ओतता म्हटलं होतं. माझाही करार दर वर्षी जूनमध्ये नवा होतो. माझेही पहिले आठ महिने कोरडे गेले होते.

क्रिकेटमध्ये आपल्याला हे नवं होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये हार्दिक पांड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला, तोही ट्रेडच. मग रोहित शर्माच्या जागी तो कर्णधार झाला. १ एप्रिल २०२४ला वानखेडेवर पहिला सामना, आणि नाणेफेकीला त्याचं नाव घेताच मैदानभर हुर्यो. संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. मी दादरला फोन केला.

"बाबा, दोनच तर मॅच झाल्यात. त्याला एवढं काय छळताय?"

"अगं, मॅचचा प्रश्नच नाही," बाबा म्हणाले. "रोहितला असं काढतात का कुणी?"

बॉस्टनच्या बरोबर उलट. वानखेडे मालकाच्या भाषेत बोलत नव्हतं. ते आठवणीतून बोलत होतं, पाच अजिंक्यपदांच्या. पण ट्रेड करणारे बंद खोलीत होते आणि शिव्या खात होता तो मैदानातला नोकर. मुंबई त्या वर्षी तळाला राहिली, म्हणजे काही बिनसलं होतं हे लोकांना बरोबर जाणवलं होतं. जूनअखेरीस बार्बाडोसला वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर हार्दिकनं टाकली, आणि जुलैत त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. बाबाही टीव्हीसमोर ओरडत होते, आईनं सांगितलं.

डेव्हर्सचं काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. एप्रिलचा तो खड्डा त्यानं भरून काढला. मग भांडण वेगळ्याच कारणावरून झालं: थर्ड बेसची त्याची जागा ॲलेक्स ब्रेगमनला दिली गेली, त्याला नुसता फलंदाज केलं, आणि ट्रिस्टन कसास जखमी झाल्यावर फर्स्ट बेसवर उभं राहायला सांगितलं, त्याला तो नाही म्हणाला. १५ जूनला, रविवारी, रेड सॉक्सनी यँकीजला तिसऱ्यांदा हरवलं. त्या सामन्यात डेव्हर्सनं होमरन मारला होता. संध्याकाळी बातमी आली की तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्या दिवशी तो ०.२७२वर होता, १५ होमरन. त्याला एप्रिलमध्ये नेणारं एकही कारण जूनमध्ये उरलेलं नव्हतं. रेड सॉक्स त्या वर्षी प्लेऑफमध्ये पोचले आणि सॅन फ्रान्सिस्को ८१ जिंकून ८१ हरलं, त्यामुळे ट्रेड वाईट होता असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

सोमवारी आमचा टेक्निशियन ११ नंबरचा जुना टी-शर्ट घालून आला आणि दिवसभर कुणाशी फारसं बोलला नाही. मंगळवारी जेवताना त्यानं सँडविच उलगडलं. बदल्यात आलेल्या काइल हॅरिसनला खालच्या लीगमध्ये वूस्टरला ठेवलंय, म्हणाला, पण 'आपण' त्याला लवकर वर आणायला हवं.