एक नाव, तीन हद्दी : कल्याण-डोंबिवलीच्या जनगणना आकड्यांचे वाचन

प्रास्ताविक :

स्थानिक लोकसंख्येवर लिहिल्या जाणाऱ्या शोधनिबंधांत व प्रकल्प-अहवालांत जनगणनेचा आकडा बहुधा पहिल्याच परिच्छेदात येतो आणि तेथेच संपतो. आकडा दिला की अभ्यासक्षेत्राचा परिचय झाला, असा समज रूढ आहे. तो आकडा कोणत्या भूभागाचा, तात्पुरता की अंतिम, मागील दशकाच्या आकड्याशी तो ताडून पाहता येतो काय, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात ही उपेक्षा फार महाग पडते. आकडे मिळत नाहीत ही येथील अडचण नव्हे. ते सहज मिळतात आणि चुकीच्या रीतीने शेजारी शेजारी मांडले जातात, ही खरी अडचण आहे.

हद्दीचा प्रश्न :

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या १९९१ मध्ये १०,१४,५५७, २००१ मध्ये ११,९३,५१२ आणि २०११ मध्ये १२,४७,३२७ अशी नोंदलेली आहे. यावरून दशवार्षिक वाढीचा दर काढला तर तो पहिल्या दशकात १७.६ टक्के व दुसऱ्या दशकात अवघा ४.५ टक्के येतो. याच दुसऱ्या दशकात शेजारच्या ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या १२,६२,५५१ वरून १८,४१,४८८ वर, म्हणजे जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली. हे आकडे पाहून अभ्यासक साहजिकच म्हणतो की कल्याण-डोंबिवलीची वाढ खुंटली. मग त्या खुंटण्याची कारणमीमांसा सुरू होते. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवली स्थानकाच्या फलाटावर उभा राहिलेला कोणीही या निष्कर्षावर विश्वास ठेवणार नाही; परंतु छापील कोष्टकापुढे डोळ्यांची साक्ष मागे पडते. वास्तविक दहा वर्षांतील जन्म-मृत्यूंच्या फरकानेही साडेचार टक्क्यांची मर्यादा सहज ओलांडली असती.

उलगडा साधा आहे. या तीन ओळींत नाव एकच असले तरी भूभाग तीन आहेत. १९८३ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेत कल्याण व डोंबिवलीसह अंबरनाथ आणि बदलापूरही होते. १९९१ ची गणना त्या विस्तृत हद्दीची आहे. १९९२ मध्ये अंबरनाथ व बदलापूर वेगळे झाले. २००१ च्या गणनेत दावडी, पिसवली, सोनारपाडा, निळजे, भोपर इत्यादी २७ गावे महानगरपालिकेत होती. जुलै २००२ मध्ये ती वगळण्यात आली. त्यामुळे २०११ चा आकडा या गावांविना आहे. जून २०१५ मध्ये गावे पुन्हा समाविष्ट झाली. जून २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वेगळी काढून स्वतंत्र नगरपरिषद करण्याची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली.

म्हणजे शहर थांबलेले नव्हते. ज्या भागात ते वेगाने वाढत होते, तोच भाग मोजणीच्या वेळी शहराच्या ओळीबाहेर होता. २००२ ते २०१५ या काळात ग्रामपंचायतींच्या हद्दीत उभ्या राहिलेल्या इमारतींतील रहिवासी जनगणनेत मोजले गेले नाहीत असे नव्हे. ते कल्याण व अंबरनाथ तालुक्यांच्या गावांच्या यादीत, अथवा जनगणना नगरांच्या यादीत शोधावे लागतात. पाच हजारांवर लोकसंख्या, पुरुष मुख्य कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० ची घनता, या तीन कसोट्यांवर उतरलेले गाव जनगणनेच्या लेखी नागरी ठरते, मग त्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे का असेना. पाणी, सांडपाणी वा शाळांच्या गरजेचा दरडोई हिशेब करणाऱ्याने ही ओळख ठेवली नाही, तर गावातील माणसे भाजकातून गळतात आणि गरज मात्र जागेवरच राहते.

डोंबिवलीविषयी आणखी एक अडचण आहे. १९८३ नंतर ‘डोंबिवली’ अशी स्वतंत्र शहर-ओळ जनगणनेत नाही. प्रभागनिहाय आकडे घेऊन बेरीज करणे हाच मार्ग उरतो, आणि ते प्रभागही आजचे नव्हेत. त्यातच ठाण्याचा १८,१८,८७२ हा तात्पुरता आकडा व कल्याण-डोंबिवलीचा १२,४६,३८१ हा तात्पुरता आकडा अंतिम आकड्यांबरोबरच प्रचारात आहेत. एकाच निबंधात दोन्ही आढळतात, ही गोष्ट परीक्षकांच्याही नजरेतून सुटते.

जिल्ह्याची सरासरी :

२०११ मध्ये १,१०,६०,१४८ लोकसंख्येचा ठाणे जिल्हा देशात सर्वांत मोठा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यावर याच गणनेतील ८०,७०,०३२ लोक ठाण्याच्या व २९,९०,११६ लोक पालघरच्या वाट्याला आले. अविभाजित जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. ही सरासरी कोणाचीच नव्हती: पालघरच्या भागात ते ३७ टक्क्यांवर, तर उरलेल्या ठाण्यात सुमारे पाच टक्के आहे. तरीही आजच्या ठाणे जिल्ह्यासाठी जुना १४ टक्के हाच आकडा वापरणारे लेखन आढळते.

कामावर जाण्याचे अंतर व प्रवासाचे साधन सांगणारे बी-२८ हे २०११ चे कोष्टक उपनगरी जीवनाच्या अभ्यासकाला मोठे मोलाचे वाटते. पण ते जिल्हापातळीवर थांबते. तेथे डोंबिवलीहून मुंबईस जाणारा लोकलचा प्रवासी आणि डहाणूचा कामगार एकाच बेरजेत मिसळतात. त्यामुळे डोंबिवलीच्या नोकरदारांविषयी या कोष्टकावरून विधान करणे धाडसाचे होय. येथे क्षेत्रीय पाहणीला पर्याय नाही.

पुढील गणना :

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, आणि प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ पासून गोठवण्याचे ठरले. जानेवारी २०२६ मधील महानगरपालिका निवडणुकांची प्रभागरचनाही २०११ च्याच लोकसंख्येवर झाली. नवे आकडे येतील तेव्हा कल्याण-डोंबिवलीच्या ओळीत २७ गावे असतील, २०११ च्या ओळीत नसतील. या वेळी चूक उलट दिशेने होण्याचा संभव आहे: वाढ फुगलेली दिसेल. ती टाळायची तर २०११ च्या ठाणे जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या बारा-ब या भागातून सत्तावीसही गावांच्या ओळी काढून १२,४७,३२७ मध्ये मिळवाव्या लागतील. हीच बेरीज २००१ च्या ११,९३,५१२ शी ताडली, तर मागच्या दशकाचा खरा दरही हाती येतो. काम एका दुपारचे आहे.