रकाना कोणी आखला?

शोधपत्रकारितेची कार्यशाळा मुंबईत असो की अकोल्याला, पहिल्या तासाभरात 'दुष्काळ आवडे सर्वांना' हे नाव निघतंच. पी. साईनाथ यांचं मूळ इंग्रजी पुस्तक १९९६ चं, मराठी अनुवाद हेमंत कर्णिकांचा. मराठी शीर्षक वाचताना एका ओळखीच्या भक्तिगीताची चाल ओठांवर येते आणि मग 'दुष्काळ' हा शब्द टोचतो. इंग्रजी शीर्षकात ही गंमत नाही. अनुवादकाला एवढ्यासाठीच पहिला नमस्कार.

मी हे पुस्तक तीनदा वाचलंय. कॉलेजात असताना भारावून. मग रिसोड तालुक्याची बातमीदारी करताना, तेव्हा थोडं चिडून. आणि आता वाशिममध्ये सात-आठ नव्या बातमीदार मुलामुलींसोबत, प्रकरण प्रकरण घेऊन. या तिसऱ्या वाचनात एक गोष्ट लख्ख दिसली. प्रशिक्षणात हे पुस्तक ज्या कामासाठी पुढे केलं जातं, त्या कामाला ते फारसं येत नाही. त्यातली खरी शिकवण्यासारखी गोष्ट मात्र सगळे ओलांडून जातात.

आधी तक्रार. पुस्तकामागे टाइम्स ऑफ इंडियाची फेलोशिप होती. देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांमध्ये साईनाथ महिनोन्‌महिने फिरले, त्यातला काही भाग पायी. लेख प्रसिद्ध झाले ८४. आता आपल्या तालुक्याचा बातमीदार डोळ्यांसमोर आणा. त्याला मानधन म्हणावं एवढं मानधन नसतं. त्याच्याकडून बातमीसोबत जाहिरातीही हव्या असतात. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्यानंच भरायची, आणि त्याच नेत्याच्या संस्थेचा ताळेबंदही त्यानंच तपासायचा! त्याला 'गावात जा, लोकांत राहा' असं सांगणं म्हणजे गावातच राहणाऱ्याला गावाचा पत्ता देणं. तो तिथंच जन्मलाय. त्याला माणसं माहीत आहेत. अडतं ते कागदापाशी.

आणि कागदाबद्दल हे पुस्तक हातचं राखून बोलतं. सरगुजातल्या एका गावात पहाडी कोरवा आदिवासींच्या नावावर तीन किलोमीटरचा रस्ता झाला, खर्च १७.४४ लाख रुपये, आणि त्या गावात पहाडी कोरवा कुटुंब एकच. त्या कुटुंबाला हवं होतं पाणी. लेख जबरदस्त आहे. आमच्यातल्या एका मुलीनं तो वाचून एवढंच विचारलं, "ताई, हा सतरा लाखांचा आकडा त्यांना कोणत्या ऑफिसात मिळाला?" पुस्तकात बहुतेक ठिकाणी आकडा असा शिजवून ताटातच येतो. चूल दिसत नाही. वाचकाच्या दृष्टीनं ते बरंच आहे, कारण नाहीतर ललित गद्याची लय तुटली असती. पण शिकणाऱ्याला चूलच बघायची असते.

मग शिकवण्यासारखं काय आहे? माझ्या मते, साईनाथ सरकारी वर्गवारीकडे ज्या नजरेनं बघतात ती नजर. ओडिशातल्या धुरुआ आदिवासींवरचा लेख घ्या. सरकारी यादीत जमातीचं नाव एका अक्षरानं वेगळं पडलं आणि खऱ्या माणसांच्या सवलती अडल्या. इथं आकडा नाहीच. इथं आहे एक यादी, ती करणारा कारकून आणि त्या यादीत न मावणारी माणसं. वाशिममध्ये हे वाचताना कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. सातबारावर एक आडनाव, आधारवर दुसरं आणि पासबुकात तिसरं, ही प्रत्येकाच्या घरातली गोष्ट आहे.

एरवीही वाशिमला कागदाचं नावीन्य वाटू नये. १९३९ मध्ये इथं वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला, तो म्हणजे शेवटी एक गाव दान दिल्याचा सरकारी दस्तऐवजच. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आणि प्रत्यक्ष व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. मिरवायची भाषा वेगळी, कामाची वेगळी. हे विषयांतर झालं, पण मला ते फार आवडतं.

आता आजचा कागद. पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांची नोंद महसूल खातं ठेवतं, आणि त्यात 'पात्र' आणि 'अपात्र' असे दोन रकाने असतात. वर्तमानपत्रांत येतो तो बहुतेकदा एकूण आकडा, मागच्या वर्षीपेक्षा वाढला की घटला या एका वाक्यासह. आम्ही दोन दिवस फक्त 'अपात्र' या शब्दावर बसलो. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीत. पात्र ठरायचं तर जमीन त्या माणसाच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या नावावर हवी. कर्ज राष्ट्रीयीकृत किंवा सहकारी बँकेचं, नाहीतर परवानाधारक सावकाराचं हवं. नापिकीमुळे ते फेडता न येणं आणि वसुलीचा तगादा, हेही दाखवावं लागतं. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते.

आता हे निकष उलटे वाचा. ठोक्यानं किंवा बटईनं दुसऱ्याचं वावर करणारा माणूस कुठे बसतो? बिनपरवाना सावकाराकडून हातउसने आणलेल्या पैशाची पावती कोण देतं? उभी हयात निंदण-खुरपण केलेल्या बाईच्या नावावर सातबारा किती घरांत असतो? हा रकाना मृत्यूचं कारण सांगायला आखलेलाच नाही. तो पैसे कोणाला द्यायचे हे ठरवायला आखलेला आहे. पत्रकार मात्र तो कारणांच्या रकान्यासारखा वाचतात, आणि 'अपात्र' म्हणजे 'शेतीशी संबंध नसलेला' असं बिनदिक्कत छापतात.

देशपातळीवर हेच झालं तेव्हा साईनाथ यांनी ते नेमकं पकडलं होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१३ साली शेतकरी आत्महत्या ११,७७२ होत्या, २०१४ साली ५,६५०. एका वर्षात निम्म्यावर! मधल्या काळात रकाने बदलले होते. शेतमजूर वेगळे काढले, त्यांचा आकडा ६,७१०. दोन्ही मिळून १२,३६०. मजूर निराळे मोजण्यात वावगं काही नाही, उलट ते आधीच व्हायला हवं होतं. पण बदललेल्या रकान्यातला आकडा जुन्या रकान्याशेजारी ठेवून 'घट' म्हणणं ही बातमी नव्हे. त्याआधी, २००७ मध्ये, मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजच्या के. नागराज यांनी याच विभागाचे १९९७ ते २००५ चे अहवाल सलग लावून सुमारे दीड लाख शेतकरी आत्महत्यांचा हिशोब मांडला होता आणि साईनाथ यांनी तो 'द हिंदू'त लिहिला. अहवाल छापील होते, कोणालाही मिळण्यासारखे. एका ओळीत लावायला कोणी बसलं नव्हतं, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं आहे की, नव्या बातमीदाराला साईनाथ शिकवायचेच असतील तर पुस्तकापासून नको, २००९ च्या पेड न्यूजच्या लेखांपासून सुरुवात करा. वाशिमहून हिंगोली ओलांडलं की नांदेड. तिथल्या भोकर मतदारसंघातून तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण विधानसभेला उभे होते. निवडणूक खर्चाच्या हिशोबात वर्तमानपत्रांच्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये आणि केबल वाहिन्यांवर ६,००० रुपये दाखवले होते. दुसऱ्या बाजूला 'द हिंदू'नं जमवलेली वर्तमानपत्रांची ४७ पूर्ण पानं, सगळी त्यांच्या कौतुकाची, जाहिरात असा शब्द कुठेही नसलेली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पत्रांत तर शब्दन्‌शब्द तोच मजकूर, नावं मात्र वेगवेगळ्या बातमीदारांची. चव्हाणांनी आरोप नाकारला. निवडणूक आयोगानं २०१४ मध्ये त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी रद्द केला. हे सगळं शिकवताना सांगायलाच हवं, कारण दोन कागद शेजारी ठेवले की प्रश्न उभा राहतो, दोष सिद्ध होतोच असं नाही.

पण पद्धत बघा. एक कागद उमेदवारानं स्वतः भरून दिलेला. दुसरा कागद रद्दीवाल्याकडे मिळणारा! यात ना गुप्त सूत्र, ना छुपा कॅमेरा, ना एक्सेलचं भारी सूत्र. जुनी वर्तमानपत्रं जपून ठेवणारा कोणताही तालुका बातमीदार हे करू शकला असता. कोणी केलं नाही, यामागचं कारण कौशल्याचं नव्हतं. ती पानं भरून आणायला तोच गेला होता. प्रेस कौन्सिलसाठी परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी २०१० मध्ये पेड न्यूजवर सविस्तर अहवाल लिहिला, तर तो पूर्ण बाहेर यायला माहिती अधिकाराची वाट धरावी लागली आणि २०११ उजाडलं. पत्रकारांवरचा अहवाल पत्रकारांच्याच परिषदेतून माहिती अधिकारानं काढावा लागतो, यावर वेगळी टीका लिहायची गरज नाही.

प्रशिक्षणांचं सगळ्यात मोठं ढोंग मला इथंच दिसतं. शहरातून येणारे प्रशिक्षक लॅपटॉप उघडून आलेख कसा काढायचा ते दाखवतात. आलेख छान असतात. पण वाशिमची बातमी डॅशबोर्डवर सुरू होत नाही. नीती आयोगानं २०१८ मध्ये वाशिमला आकांक्षित जिल्ह्यांत घेतलं, तेव्हापासून ४९ निर्देशकांवर क्रमवारी लागते आणि क्रम वर गेला की प्रेसनोट येते. निर्देशकातली कुपोषणाची संख्या ज्या अंगणवाडीत लिहिली गेली तिथला वजनकाटा चालतो का, हे विचारायला आलेख लागत नाही. मंगरूळपीर किंवा मानोऱ्याला जाणारी एसटी लागते.

पैसेवारीचंही तेच. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावाची वर्षभराची बोलणी चालतात. २०१६ च्या केंद्रीय संहितेनंतर दुष्काळाचे निकष बदलले, तरी पैसेवारी दरवर्षी जाहीर होते आणि आपण ती दरवर्षी जशीच्या तशी छापतो. पीक कापणी प्रयोग कोणत्या शेतात झाला, त्या दिवशी तिथं कोण हजर होतं, त्या शेतात सोयाबीन ओलिताचं होतं की कोरडवाहू, हे सांगणारे कागद असतात. ते मागितलेले मी फार कमी पाहिलेत.

मागायचे कसे, हाही साहित्याचाच प्रश्न आहे असं मी आता म्हणू लागले आहे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांनी माहिती अधिकाराचा अर्ज दीडशे शब्दांचा आणि एकाच विषयाचा केला. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. दीडशे शब्दांत विशेषणाला जागा नसते. 'भ्रष्टाचाराची माहिती द्यावी' असं लिहिलं की उत्तर येतं, 'अशी माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही', आणि ते उत्तर खरंही असतं! भ्रष्टाचार नावाची नस्ती कोणी ठेवत नाही. मोजमाप पुस्तिका, हजेरीपट, पंचनामा, समितीचं इतिवृत्त, अशी कागदाची खरी नावं माहीत असावी लागतात. २०१८ च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी तीन ते पाच जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत अभिलेख पाहता येतात. तिथं जाऊन बसलं तर ही नावं कळतात. आणि जिल्हाच १ जुलै १९९८ ला जन्मलेला, त्यामुळे त्याआधीचं काही शोधायचं तर आधी अकोल्याचा विचार करावा लागतो.

वाट अरुंद होत चाललीय हेही खरं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यानं माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(जे) मधला सगळा तपशील गाळून 'वैयक्तिक माहिती' एवढंच शिल्लक ठेवलं. लाभार्थ्यांची यादी वैयक्तिक, समितीतल्या अधिकाऱ्याचं नावही वैयक्तिक, असं म्हणायची सोय झाली. कलम ८(२) मधला सार्वजनिक हिताचा मुद्दा अजून आहे, पण तो मांडायचं काम अर्जदाराचं. शिवाय जमिनीच्या व्यवहारांचे कागद काढणारे तळेगावचे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला, हे आमच्या मुलांच्या आईवडिलांनाही माहीत आहे. त्यामुळे आम्ही ठरवलंय की अर्ज एकट्यानं टाकायचा नाही. तोच अर्ज तिघांनी तीन तालुक्यांतून टाकायचा.

पहिला अर्ज 'अपात्र' रकान्यावरचा आहे. नावं नकोत, फक्त अपात्र ठरवण्याची कारणं, तालुकावार, पाच वर्षांची. कारंज्याच्या मुलीचा मसुदा १३४ शब्दांचा झालाय. उरलेल्या सोळा शब्दांत समितीच्या बैठकांच्या तारखा मागाव्यात की हजर सदस्यांची पदं, यावर ग्रुपवर कालपासून वाद चालू आहे. मी तारखांच्या बाजूनं आहे. बैठक झालीच नसेल तर तारीख नसणार.