सीमेवरचा कोट आणि त्याचे रूपांतर

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकन भूमिकाखेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी छापल्या गेलेल्या साहसपुस्तिकांचे वाङ्मयीन स्वरूप मोठे चमत्कारिक आहे. त्यांत स्थळे असतात, पात्रे असतात. कथा मात्र घडावयाची राहिलेली असते. ती मेजाभोवती बसलेले खेळाडू आणि त्यांचा सूत्रधार बोलता बोलता घडवितात. साहजिकच आपल्या चालू कथामालेत अशी पुस्तिका बसविणारा सूत्रधार हा रूपांतरकारच ठरतो, आणि मुळातले काय राखावयाचे हा रूपांतरकाराचा जुना प्रश्न त्यालाही चुकत नाही.

गॅरी गायगॅक्स यांची 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' (१९७९) ही पुस्तिका या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. सीमेवरचा एक कोट आणि काही अंतरावर राक्षसी टोळ्यांनी वसविलेल्या गुहा, एवढाच तिचा प्रपंच. कोटातील माणसांना ग्रंथकाराने नावे दिलेली नाहीत. किल्लेदार, धर्मगुरू, सराफ अशा हुद्द्यांनीच ती वावरतात. ही रिकामी जागा सूत्रधाराने भरावी, हे उघडच आहे. पुष्कळांचे रूपांतर येथेच संपते. माणसांना नावे द्यावीत, कोटावर आपल्या राज्याचे निशाण चढवावे, की झाले! याला फार तर वेषांतर म्हणता येईल.

पुस्तिकेचा प्राण आहे तो गुहांमधील परस्परसंबंधांत. हल्ला होताच गॉब्लिन २५० सुवर्णनाण्यांची थैली शेजारच्या ओगरपुढे टाकतात आणि त्याची मदत मागतात. या एवढ्याशा व्यवहाराने त्या काळोखाला शेजार लाभतो. ओगरला कोणी अधिक मोल देऊ केले तर, अशी शक्यताही त्यातून डोकावते. समजा, एखाद्या सूत्रधाराच्या राज्याचा गॉब्लिनांशी तह आहे, म्हणून त्याने गुहेत दरोडेखोर वसविले. बदल मोठाच, तरी थैली आणि भाडोत्री शेजारी राखला, तर मूळ कृती शाबूत राहते. उलट गॉब्लिन ठेवून हा व्यवहार गाळला, की उरते ती खोलीमागून खोली रिकामी करीत जाणारी कत्तल.

आणि ही कत्तल कोणाची? याच गुहांत टोळ्यांच्या बायकापोरांचीही नोंद आहे. त्यांच्याशी कसे वागणे न्याय्य, याचा निर्णय पुस्तिका करून देत नाही. जो सूत्रधार ती नोंद गाळतो त्याचे काम सोपे होते. पण सुसंस्कृत कोट आणि रानटी गुहा ही मूळची विभागणी त्याच्या कथामालेत न तपासताच शिरते. ती पोरे जागच्या जागी राहू दिली, तर विजयी वीरांना गुहेच्या तोंडाशी थांबून आपापसांत बोलावे लागते. कोटात परतल्यावर किल्लेदाराला काय सांगावयाचे, हेही मग ठरवावे लागते.