फोटो खरा, पण पक्षी कोणता?

हिवाळ्यात म्हसवडजवळच्या राजेवाडी तलावाच्या काठी चिखलात चोची खुपसत तुरुतुरु धावणारे चिमणीएवढे पक्षी दिसतात. मुले त्यांचे फोटो आणतात. आपण पुस्तकातील चित्रे चाळतो, जुळणारे चित्र सापडले की नाव सांगून मोकळे होतो. आता फोनही क्षणात नाव सुचवतो. या पद्धतीवर आमचा आक्षेप आहे. हे चित्र जुळवणे झाले, पक्षी ओळखणे नव्हे.

आमचेच उदाहरण देतो. अशा एका फोटोतील पक्ष्याचे पाय काळे पाहून आम्ही ‘छोटा टिलवा’ असे नाव दिले. फोटो काढणारी मुलगी म्हणाली, “उडाला तेव्हा शेपटीच्या कडा पांढऱ्याशुभ्र दिसल्या.” ही खूण टेमिंकच्या टिलव्याची. त्याचे पाय पिवळसर असतात, पण ते चिखलाने माखले होते! नाव मागे घ्यावे लागले. फोटोत नव्हते ते तिच्या डोळ्यांनी टिपले होते.

या दृष्टीने सालिम अलींचे १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झालेले ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ पुन्हा वाचण्याजोगे आहे. त्यात चित्रे आहेतच, पण खरे बळ मजकुरात आहे. आधी आकार: चिमणी, बुलबुल, मैना, कबूतर, कावळा अशा ओळखीच्या पक्ष्यांपेक्षा लहान की मोठा? मग रंगरूप, आढळ, सवयी, आवाज, घरटे. दूरच्या पक्ष्याला जवळ आणणाऱ्या फोटोत नेमका आकाराचाच अंदाज हरवतो. पुस्तकाला मर्यादाही आहेत. नर, मादी, पिल्लू, उन्हाळी व हिवाळी पिसारा अशी प्रत्येक जातीची सर्व रूपे त्यात नाहीत. टिलवे किंवा भोवत्या ससाण्यांच्या माद्या ओळखायला ते अपुरे पडते. तेथे ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचे १९९८ चे सचित्र पुस्तक अधिक उपयोगी. मात्र पाहावे कसे, हे शिकवण्यात सालिम अलींचा हात धरणारा दुसरा नाही.

ठिकाण आणि तारीख यांना आपण क्षुल्लक समजतो. रान पिंगळ्याची गोष्ट पाहा. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीचा नमुना मिळाला नव्हता. रिचर्ड माइनर्टझागेन यांनी मात्र आपल्या संग्रहातील एका नमुन्यावर १९१४, मांडवी (गुजरात) अशी नोंद केली होती. तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला निघाला. पक्षी खरा, चिठ्ठी खोटी! त्या चिठ्ठीवर विसंबून झालेला शोध व्यर्थ गेला. अखेर जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग घेत पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्याच शहाद्याजवळ रान पिंगळा दिसला.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. फोटोसोबत मुलांकडून पाच ओळी लिहून घ्याव्यात: कोठे, केव्हा, केवढा, काय करत होता, आवाज कसा होता. नाव सर्वांत शेवटी. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर ‘टिलवा, जात अनिश्चित’ असे लिहायला मुलांनी लाजू नये, आणि गुरुजींनी तर मुळीच नाही. चुकीच्या नावाची नोंद पुढच्या अभ्यासकाला फसवते. अपुरी पण प्रामाणिक नोंद त्याच्या कामाला येते.