लेबलावर नसलेला मे महिना

स्वस्त स्प्लिट एसी घेताना आपण लेबलावरचे तारे मोजतो आणि थांबतो. चूक आपली थोडी, लेबलाची अधिक. दीड टन (हे माप बर्फ वितळण्यावरून आले) म्हणजे सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता खोलीबाहेर काढण्याची क्षमता. ती मोजतात बाहेर ३५ अंश सेल्सिअस असताना. नांदेड-लातुरात मेमधली दुपार ४० च्या पुढे जाते. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितके तिच्यात उष्णता सोडणे यंत्राला जड. थंडावा घटतो, वीज वाढते. तारे मात्र २४ ते ४३ अंशांमधील १६०० तासांवर, देशभर एकाच हिशेबाने ठरतात. ४३ अंशांना क्षमता किती उरते, हे लेबल सांगतच नाही. त्यात मेकॅनिक बाहेरचे यंत्र पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याखाली कोंडतो. शिक्षकांनी दुपारी तीन वाजता त्याच्या मागच्या जाळीशी तापमापक धरून पाहावा.