संशोधक होऊ पाहणाऱ्यांसाठी तीन पुस्तके

‘सर, मला शास्त्रज्ञ व्हायचे आहे, काय करू?’ हा प्रश्न प्रत्येक विज्ञानशिक्षकाला वर्षातून एकदा तरी ऐकावा लागतो. त्याची दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, ‘खूप अभ्यास कर’. दुसरे, प्रवेशपरीक्षांची यादी. पहिल्यातून दिशा मिळत नाही आणि दुसऱ्यातून संशोधन म्हणजे काय हे कळत नाही. ही मधली पोकळी भरून काढण्याचा प्रयत्न करणारी तीन पुस्तके आम्ही येथे तपासायला घेतली आहेत. तिन्ही परदेशी आहेत, तिन्ही वेगवेगळ्या काळांतली आहेत. आपल्या विद्यार्थ्याच्या हाती त्यांतले काय द्यावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पहिले पुस्तक स्पेनमधील सान्तियागो रामोन इ काहाल यांचे. मज्जापेशींच्या रचनेवरील कामासाठी त्यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक गॉल्जी यांच्यासह मिळाले. पुस्तकाचे मूळ १८९७ साली माद्रिदच्या विज्ञान अकादमीत त्यांनी केलेल्या भाषणात आहे. तेव्हाचा स्पेन विज्ञानात युरोपच्या मागे होता. काहाल यांनी १८८८ मध्ये स्वतःच्या खर्चाने नियतकालिक काढले आणि पुढच्याच वर्षी आपल्या काचपट्ट्या घेऊन ते बर्लिनला गेले. तेथील नामवंतांना सूक्ष्मदर्शकातून त्यांनी त्या प्रत्यक्ष दाखविल्या, तेव्हा कोठे जगाने त्यांची दखल घेतली. त्यामुळे ‘आमच्याकडे साधने नाहीत, भाषा येत नाही’ या तक्रारींना ते जे उत्तर देतात, त्याला अनुभवाचे वजन आहे. तालुक्याच्या गावातील मुलाला हे पुस्तक परके वाटणार नाही.

काहाल यांचे सर्वांत चांगले प्रकरण इच्छाशक्तीच्या आजारांवर आहे. नुसते वाचत राहणारे, थोर विषयाची वाट पाहत बसणारे, प्रयोगाविना सिद्धान्त रचणारे आणि उपकरणांचे वेडे, अशा साऱ्यांची त्यांनी खरपूस हजेरी घेतली आहे. उपकरण पुसून जपून ठेवायचे, वापरायचे मात्र नाही, हा आजार आपल्या शाळांच्या कुलूपबंद कपाटांतही आहे, हे शिक्षकांनी मान्य करायला हरकत नाही.

पण याच पुस्तकात शास्त्रज्ञाने पत्नी कशी निवडावी याचाही सल्ला आहे! संशोधक म्हणजे पुरुष आणि स्त्री म्हणजे त्याचे घर सांभाळणारी, हे त्यात गृहीत धरलेले आहे. ज्या १८९७ मध्ये काहाल यांचे भाषण झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसमध्ये मेरी क्युरी युरेनियमच्या किरणांवरील कामाला हात घालत होत्या. ही वृत्ती स्पेनपुरती नव्हती. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी आग्रह धरला, तेव्हा वर्षभर परीक्षाधीन ठेवण्याच्या अटीवर तो मिळाला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. तेव्हा काहाल यांची ही पाने वर्गात झाकू नयेत. सोहोनींच्या हकिकतीशेजारी ठेवून वाचावीत, असे आम्हांला वाटते.

दुसरे पुस्तक ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांचे, १९७९ चे. तरुण शास्त्रज्ञाला सल्ला, अशाच अर्थाचे त्याचे नाव आहे. मेडावर यांना १९६० चे नोबेल मॅकफार्लेन बर्नेट यांच्याबरोबर मिळाले. पुस्तकाची भाषा प्रसन्न आहे आणि स्त्रियांविषयीच्या व वंशाविषयीच्या पूर्वग्रहांना त्यात एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. संशोधनाला अलौकिक बुद्धी लागत नाही. चिकाटी, एकाग्रता आणि साधा व्यवहारी विवेक पुरतो, हे त्यांचे सांगणे शंभरांत साठ-पासष्ट गुण मिळविणाऱ्या मुलांना मुद्दाम ऐकवावे.

महत्त्वाचा शोध लावायचा तर महत्त्वाचा प्रश्न निवडा, हा मेडावर यांचा प्रसिद्ध आग्रह. येथे मात्र आम्ही थोडे थांबतो. नवख्या विद्यार्थ्याला प्रश्न निवडण्याची मुभा क्वचितच असते. तो बहुधा मार्गदर्शकाकडून येतो. शिवाय ‘महत्त्वाचा’ म्हणजे ‘भव्य’ असा गैरसमज होतो. त्यावर उतारा मेडावर यांच्याच आयुष्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या माणसांवर दुसऱ्याची त्वचा लावली तर ती टिकत का नाही, हा रुग्णालयातला प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्यातूनच शरीराच्या प्रतिकारक्षमतेचे मूलभूत संशोधन उभे राहिले. महत्त्वाचा प्रश्न विश्वाच्या टोकालाच असतो असे नाही, तो खाटेवरही असतो.

या दोन्ही पुस्तकांत एक गोष्ट जवळजवळ नाही : पोटापाण्याचा प्रश्न. तो तिसऱ्या पुस्तकात आहे. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ पीटर फायबलमन यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या या पुस्तकाच्या शीर्षकाचाच अर्थ ‘पीएच.डी. पुरेशी नाही’ असा आहे. मार्गदर्शक कसा पारखावा, भाषण कसे द्यावे, शोधनिबंध कसा लिहावा, विद्यापीठ की प्रयोगशाळा की उद्योग, याचा त्यांनी रोखठोक हिशेब मांडला आहे. हुशार माणसेही केवळ हा हिशेब न कळल्यामुळे बाहेर फेकली जातात, हे त्यांचे निदान आम्हांला पटते. मात्र पुस्तकात जिज्ञासेचा आनंद कमी आहे. हे एकटेच वाचणाऱ्याला विज्ञान म्हणजे बढतीचा जिना वाटेल.

आपल्या मुलांना लागणारा हिशेब तर तिन्हींत नाही. तो शिक्षकांनीच सांगायला हवा. पदव्युत्तर शिक्षणानंतर नेटमधून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली, तर पहिली दोन वर्षे ती असते, नंतर वरिष्ठ फेलोशिप. एकूण पाच वर्षे. कनिष्ठ फेलोशिपची रक्कम २०१९ मध्ये दरमहा २५,००० वरून ३१,००० रुपये झाली. त्याआधी संशोधक विद्यार्थ्यांना निदर्शने करावी लागली होती. जानेवारी २०२३ पासून ती ३७,००० रुपये झाली. पीएच.डी.नंतर कायम नोकरीआधी बहुधा काही वर्षे हंगामी संशोधनात जातात. ज्या घरात मोठ्या मुलाच्या कमाईकडे डोळे लागलेले असतात, तेथे हे आकडे न सांगता ‘आवड असेल तर जा’ म्हणणे हा उपदेश नव्हे. ती जबाबदारी झटकणे आहे. आणि आकडे सांगून भीती घालणे हाही मार्ग नव्हे. खरे चित्र पाहूनही ज्याचे पाऊल मागे येत नाही, तोच पुढे टिकतो.

तेव्हा आमचे मत असे : अकरावी-बारावीत काहाल यांची निवडक प्रकरणे, पदवीच्या वर्षांत मेडावर आणि पीएच.डी.चा अर्ज भरण्यापूर्वी फायबलमन. तिन्ही पुस्तके इंग्रजीत मिळतात. शिक्षकांनी आधी स्वतः वाचून त्यांचा सारांश मराठीत वर्गापुढे ठेवावा. आणि एक काम कोणतेही पुस्तक करू शकत नाही : गावातून कोणी संशोधनाला गेले असेल, तर त्याला किंवा तिला सुट्टीत शाळेत बोलावणे. पण त्यांना केवळ यशाबद्दल विचारू नका. न जमलेला प्रयोग, मार्गदर्शकाशी झालेला मतभेद, महिन्याचा खर्च, हेही विचारा. मुलांना त्या तासातून जे कळेल, ते या तिन्ही लेखकांना सांगता आलेले नाही.