विश्वसनीयतेचे प्रयोग आणि गळालेला ‘जर’

हडपसरचे नाव कॉम्प्रेसरशी जोडले गेले ते किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीमुळे (स्थापना १९५८). असे यंत्र किती तास निर्वेध चालेल हे तपासावयाचे, तर नग महाग आणि अवधी थोडा. म्हणून किती नग किती तास चालवावेत हे संगणकावर हजारो कल्पित प्रयोग करून आधीच ठरवितात. मेट्रोपोलिस व उलाम यांनी १९४९ साली ‘माँटे कार्लो’ या नावाने मांडलेली पद्धती ती हीच. तिच्या उपयुक्ततेविषयी प्रस्तुत लेखकास शंका नाही. शंका आहे ती तिचे निष्कर्ष ज्या भाषेत उतरतात त्या भाषेविषयी.

कल्पना करा, दहा नग प्रत्येकी १००० तास चालवावयाचे आहेत. त्यांचे आयुष्य वायबुलने १९५१ साली विवेचिलेल्या वितरणास अनुसरते व लाक्षणिक आयुष्य ४००० तास आहे, असे धरू. आकार-प्राचल १ मानल्यास शंभर कल्पित प्रयोगांपैकी सुमारे आठांतच एकही नग बिघडत नाही. ३ मानल्यास सुमारे शहाऐंशींत बिघडत नाही. आराखडा तोच, पण दुसऱ्या गृहीतावर तो बहुधा काहीच न शिकविता संपतो. आणि हे प्राचल येते कोठून? पुष्कळदा जुन्या यंत्राच्या नोंदींतून, कधी निव्वळ अंदाजातून.

‘सिम्युलेशन’ला ‘अनुकरण’ म्हणणे मला म्हणूनच खटकते. अनुकरण पाहिलेल्या वस्तूचे होते. येथे मूळ वस्तू अद्याप पुरती पाहिलेलीच नसते. (‘प्रतिरूपण’ही याच दोषाचे भागीदार आहे, पण थोडे कमी.)

आपल्या व्याकरणपरंपरेत क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ मानतात. ‘प्राचल अमुक असते, तर दहा नग पुरले असते’ हे संगणकाचे खरे वाक्य संकेतार्थी होय. अहवालात त्याचे ‘दहा नग पुरतात’ असे स्वार्थी रूप होते. ‘जर’ गळतो, आणि गृहीत कोणी धरले हा प्रश्नही त्याबरोबर गळतो. पुढे दहाही नग टिकले की ‘यंत्र विश्वसनीय आहे’ असे लिहून मोकळे! वस्तुतः तेवढ्यावरून, ९५ टक्के निश्चितीने, विश्वसनीयता निदान ७४ टक्के आहे इतकेच म्हणता येते. ९५ टक्क्यांचा दावा तितक्याच निश्चितीने करावयाचा, तर ५९ नग एकाही बिघाडावाचून टिकावे लागतात.

आराखड्याच्या तक्त्यात प्राचलाची निदान तीन मूल्ये शेजारीशेजारी छापावीत, आणि ती कोणी व कशावरून निवडली हे त्याच पानावर लिहावे, परिशिष्टात नव्हे.